ब्रिटनमधली एका दिवसाची रेल्वे सहल: तिकीट कसं काढायचं, कुठे उतरायचं

ब्रिटनमध्ये रेल्वेचं भाडं किलोमीटरवर ठरत नाही. आपल्याकडे साध्या मेल-एक्सप्रेसचं अंतर, वर्ग आणि गाडीचा प्रकार कळला की भाडं कळलं, मग तिकीट आज काढा नाहीतर दोन महिने आधी. इथे एकाच डब्यात शेजारी शेजारी बसलेल्या चौघांनी चार वेगळे दर मोजलेले असतात आणि चौघांचंही बरोबर असतं. प्रत्येकाने वेगळ्या अटी मान्य केलेल्या असतात: ठरलेल्याच गाडीने जायचं की कुठल्याही, सकाळच्या गर्दीत बसता येईल का, वाटेत उतरता येईल का, बेत फिसकटला तर पैसे परत मिळतील का.

स्लाव, रेडिंग, मँचेस्टर, लेस्टर अशा ठिकाणी राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं शनिवारच्या सहलीसाठी रेल्वेचं ॲप उघडतात, आकडा बघून दचकतात आणि मोटार भाड्याने घेऊन मोकळी होतात. पहिल्यांदा दिसणारा आकडा खरंच अंगावर येतो. पण तो शेवटचा नसतो. आणि या देशाचं जे रूप रेल्वेच्या खिडकीतून, एखाद्या आडबाजूच्या स्थानकावर उतरून पायी निघाल्यावर दिसतं, ते मोटरवेवरून कधीच दिसत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तिकिटाचे प्रकार

सगळ्यात महाग ते 'एनीटाइम'. कधीही, कुठल्याही गाडीने. ऑफिसला जाणाऱ्यांसाठी ते आहे. सहलीला जवळजवळ कधीच लागत नाही.

दुसरं 'ऑफ-पीक'. सोमवार ते शुक्रवार सकाळची गर्दीची वेळ टळली की, बऱ्याच ठिकाणी साडेनऊच्या सुमारास, ते चालू होतं. लंडनमधून बाहेर पडताना काही मार्गांवर संध्याकाळच्या गर्दीतही ते चालत नाही. शनिवार-रविवारी मात्र बहुतेक मार्गांवर दिवसभर मोकळीक. काही ठिकाणी त्याहून स्वस्त 'सुपर ऑफ-पीक' मिळतं, पण त्याच्या वेळा आणखी आवळलेल्या असतात.

तिसरं 'ॲडव्हान्स'. ठरलेल्या तारखेचं, ठरलेल्याच गाडीचं. साधारण तीन महिने आधी विक्रीला येतं आणि लवकर काढलं तर खूप स्वस्त पडतं. तुमच्या चुकीने गाडी गेली की तिकीटही गेलं.

लंडन ते एडिंबरासारख्या लांब पल्ल्याला ॲडव्हान्स उत्तम. दिवसाच्या सहलीला मात्र मी 'ऑफ-पीक डे रिटर्न' हेच तिकीट घ्या म्हणेन, चार पौंड जास्त पडले तरी. त्या तिकिटावर त्या दिवसाची, वेळेच्या नियमात बसणारी कुठलीही गाडी पकडता येते. पाऊस लागला तर दोन तास आधी परत फिरा, छान ऊन पडलं तर शेवटच्या गाडीपर्यंत थांबा. आणि बहुतेक ऑफ-पीक तिकिटांवर वाटेतल्या स्थानकावर उतरून, फिरून, पुढच्या गाडीने जाता येतं. ॲडव्हान्सवर ही मुभा नाही. इंग्लंडच्या हवेत तीन आठवडे आधी परतीची गाडी ठरवून ठेवणं म्हणजे सहलीचा अर्धा आनंद आधीच देऊन टाकणं.

इथे एक गोष्ट नवख्या माणसाला पटतच नाही. कित्येक मार्गांवर जाऊन-येऊनचं तिकीट एका बाजूच्या तिकिटापेक्षा अगदी थोड्या पैशांनी महाग असतं. ठरावीक परतीच्या भाड्यांवर सरकारने वर्षानुवर्षं नियंत्रण ठेवलं, एकेरी भाडी कंपन्यांवर सोपवली, त्यातून हे झालं. तेव्हा जायचं वेगळं आणि यायचं वेगळं तिकीट काढण्याआधी रिटर्नचा दर एकदा बघाच. आणि नाव नीट वाचा: 'डे रिटर्न' त्याच दिवसापुरतं, नुसतं 'ऑफ-पीक रिटर्न' असेल तर परतीला साधारण महिनाभराची मुदत.

हा गुंता आला कुठून

एकोणिसाव्या शतकात हे लोहमार्ग कित्येक खासगी कंपन्यांनी आपापल्या सोयीने टाकले. १ जानेवारी १९४८ रोजी सगळ्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढे १९९३ च्या कायद्याने ते पुन्हा मोडलं: रूळ एकाकडे, गाड्या चालवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या. भाडं मात्र दोन-दोन स्थानकांच्या जोडीनुसार ठरत राहिलं. या जोडीचं भाडं ही कंपनी ठरवणार, त्या जोडीचं ती. अशा असंख्य जोड्या. कुणीही बसून सगळ्यांचा मेळ घातलेला नाही.

आता चाक उलटं फिरतंय. वेल्समधली सेवा २०२१ मध्ये आणि स्कॉटलंडमधली २०२२ मध्ये तिथल्या सरकारांकडे गेली. इंग्लंडमध्ये २०२५ साली साउथ वेस्टर्न, सी-टू-सी आणि ग्रेटर अँग्लिया या रेल्वे कंपन्या एकामागोमाग सरकारी मालकीत आल्या. स्कॉटलंडच्या स्कॉटरेलने तर १ सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळेचं जादा भाडंच काढून टाकलं. 'ग्रेट ब्रिटिश रेल्वेज' या एका छत्राखाली सगळं आणायचा बेत आहे. तोवर जुनं कोष्टक चालूच.

या कोष्टकामुळेच तिकीट तोडून काढणं फायद्याचं ठरतं. 'अ' ते 'क' या जोडीचं भाडं जे असेल, त्यापेक्षा 'अ' ते 'ब' आणि 'ब' ते 'क' अशी दोन तिकिटं मिळून कधी कधी स्वस्त पडतात. गाडी तीच, जागाही तीच, खाली उतरायचंही कारण नाही. हे पूर्णपणे कायदेशीर आहे. अट एकच, गाडी 'ब' स्थानकावर थांबणारी हवी. लंडनहून बाथ-ब्रिस्टलकडे जाताना डिडकॉटला तिकीट तोडणं हे इथल्या जुन्या प्रवाशांच्या तोंडी कायम असलेलं उदाहरण. आता असे जोड शोधून देणारी ॲप्स आहेत, पण त्यातली काही वाचलेल्या पैशातून आपला वाटा कापतात. साधं तिकीट कुठल्याही रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढा: प्रत्येक कंपनी सगळ्या देशाची तिकिटं विकते आणि वेगळं शुल्क लावत नाही.

रेलकार्ड

ज्याला खरोखर पैसे वाचवायचेत त्याने आधी रेलकार्ड काढावं. २०२५ पासून बहुतेक रेलकार्डांची किंमत वर्षाला ३५ पौंड आहे आणि बहुतेक भाड्यांवर एक तृतीयांश सूट मिळते. समजा दोघांचं जाऊन-येऊन प्रत्येकी ४० पौंड होतात. 'टू टुगेदर' या जोडीच्या कार्डावर ८० तले २६ पौंडांहून जास्त वाचतात. दुसऱ्या सहलीत कार्डाचे पैसे फिटले. या कार्डावर दोघांचे फोटो असतात, दोघांनी बरोबरच प्रवास करायचा आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही.

मुलं असतील तर 'फॅमिली अँड फ्रेंड्स'. एका कार्डावर चार मोठी माणसं आणि चार मुलं. मोठ्यांना एक तृतीयांश, मुलांना ६० टक्के सूट. ५ ते १५ वयाचं किमान एक मूल बरोबर हवं. पाच वर्षांखालच्यांना तसंही तिकीट लागत नाही. १६ ते २५ आणि २६ ते ३० वयासाठी वेगळी कार्डं आहेत. विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावं: १६-२५ च्या कार्डाला सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत किमान १२ पौंड भाड्याची अट आहे, फक्त जुलै-ऑगस्टमध्ये ती नसते.

आणि आई-बाबा. उन्हाळ्यात नाशिक-कोल्हापूरहून दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना आपण घरात बसवून ठेवतो, कारण 'त्यांचं तिकीट कशाला एवढं'. साठी ओलांडलेल्या कुणालाही सीनियर रेलकार्ड मिळतं. इथलं नागरिकत्व लागत नाही, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट पुरतो. ते फार फिरणार असतील तर ठरावीक दिवस हवं तितकं फिरू देणारा ब्रिटरेल पासही बघा. तो फक्त ब्रिटनबाहेर राहणाऱ्यांसाठीच आहे, तुम्हाला स्वतःला तो घेता येणार नाही.

कार्ड नसलेल्या तीन ते नऊ मोठ्या माणसांनी एकत्र जायचं असेल तर 'ग्रुपसेव्ह' बघा. बऱ्याच कंपन्या ऑफ-पीक तिकिटांवर तेवढीच, म्हणजे एक तृतीयांश सूट देतात. मित्रमंडळींच्या सहलीला हे फार सोयीचं, आणि तरी कितीतरी जणांना माहीतच नसतं. याशिवाय 'रेंजर' आणि 'रोव्हर' असे पास आहेत: ठरावीक भागात दिवसभर (रेंजर) किंवा काही दिवस (रोव्हर) हवं तिथे चढा-उतरा. डर्बीशर वेफेअररवर तर बसही चालते.

जायचं कुठे

रेल्वेने दिवसाची सहल काढायची रीत इथे फार जुनी आहे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे ५०० माणसं एका खास गाडीने नेली, जाऊन-येऊन एक शिलिंगात. त्याच वर्षी लंडन-ब्रायटन मार्ग पूर्ण झाला आणि समुद्र लंडनकरांच्या एका दिवसाच्या टप्प्यात आला.

लंडनमध्ये राहणाऱ्यांचं काम सोपं आहे. शहरात मोठी टर्मिनस बरीच आहेत आणि प्रत्येकाचं तोंड एकेका दिशेला. पॅडिंग्टनहून ऑक्सफर्ड आणि बाथ, किंग्ज क्रॉसहून केंब्रिज आणि यॉर्क, व्हिक्टोरियाहून ब्रायटन, वॉटर्लूहून सॉल्झबरी, सेंट पँक्रसहून कँटरबरी. केंब्रिज, ऑक्सफर्ड, ब्रायटन, कँटरबरी तासाभराच्या अंतरावर. बाथ, सॉल्झबरी दीड तासाच्या आसपास. यॉर्क दोन तास. दोन तासांपलीकडे जाऊ नये असं माझं मत. ही सगळी गावं सुंदर आहेत आणि त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. त्यापेक्षा तीन वेगळे मार्ग सांगते.

पहिला मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधला होप व्हॅली मार्ग. मँचेस्टर पिकॅडलीहून थांबत थांबत जाणारी गाडी पकडायची. चिन्लीनंतर काउबर्नचा तीन किलोमीटरहून लांब बोगदा लागतो आणि बाहेर पडताच दोन्ही बाजूंना उघडे हिरवे डोंगर येतात. पहिलंच स्थानक ईडेल. फलाट साधे, गाव छोटंसं, आणि २६८ मैलांची 'पेनाइन वे' ही पायवाट इथूनच सुरू होते. समोरचं किंडर स्काउट ते हेच, जिथे १९३२ मध्ये मँचेस्टरच्या कामगार पोरांनी जमीनदारांची बंदी मोडून डोंगरावर चढाई केली आणि काहींनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. १९५१ साली देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते याच परिसराचं, पीक डिस्ट्रिक्टचं.

तिकिटाची गंमत इथे कळते. तिकीट ईडेलचं काढू नका, त्याच्या पुढच्या 'होप' स्थानकाचं डे रिटर्न काढा. जाताना ईडेलला आधीच उतरा. हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीतून डोंगराच्या धारेवर चढा, डावीकडे वळून धारेवरूनच ४७६ मीटर उंचीच्या लूझ हिलपर्यंत चाला आणि पलीकडच्या बाजूने होपला उतरा. परतीची गाडी तिथून. रमतगमत चार तास लागतात, चढ सोसवेल असा आहे. सह्याद्रीत फिरलेल्यांना तो किरकोळच वाटेल, पण वरचा वारा किरकोळ नाही. जून महिन्यातही विंडचीटर लागतो. मोटारीने आलेल्याला जिथे ती लावली तिथेच परत यावं लागतं. एका स्थानकावर उतरून दुसऱ्यावर चढायचं सुख रेल्वेच्याच प्रवाशाला.

दुसरा मार्ग सेटल-कार्लाइल. लीड्सहून बसायचं. सुमारे ११६ किलोमीटरचा हा रस्ता उत्तर इंग्लंडच्या उजाड माळांवरून जातो, चौदा बोगदे आणि वीसहून अधिक मोठे पूल ओलांडत. १८७६ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. बांधणारे हजारो मजूर माळावरच्या झोपड्यांत राहिले, आणि देवीच्या साथीत व अपघातांत किती तरी जण गेले. चॅपल-ल-डेलच्या छोट्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलंय. आपला बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, तोही असाच मजुरांच्या जिवावर. दोन्हीकडच्या कमानी बघताना ते विसरता येत नाही.

रिबलहेडचा पूल या मार्गाचं शिखर: २४ कमानी, ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच. पण गाडीत बसून पूल दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्यावर असता. त्यासाठी रिबलहेडला उतरा आणि पायवाटेने कमानींच्या खाली जा. इथे गाड्यांमध्ये साधारण दोन तासांचं अंतर असतं, तेवढा वेळ पुलाखाली जाऊन डबा खायला अगदी बेताचा पुरतो. पुढचं डेंट हे इंग्लंडच्या मुख्य मार्गांवरचं सगळ्यात उंच स्थानक, ३५० मीटरवर; पण डेंट गाव तिथून काही मैल खाली दरीत आहे, तेव्हा गाव बघायच्या आशेने तिथे उतरू नका.

हा मार्ग १९८०च्या दशकात बंद पडणार होता. पूल दुरुस्त करायला पैसा नाही म्हणून. लोकांनी हजारो हरकती नोंदवल्या, त्यात रस्वॉर्प नावाच्या एका कोली जातीच्या कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता, कारण त्याचंही भाडं भरलं जायचं. १९८९ मध्ये सरकारने माघार घेतली. गार्सडेल स्थानकावर त्या कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे.

सगळेच मार्ग असे वाचले नाहीत. तेव्हाचे ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालाने सुमारे ८,००० किलोमीटरचे मार्ग आणि दोन हजारांहून जास्त स्थानकं बंद करायला सुचवलं आणि बरंचसं बंद झालंही. त्याआधी किंवा त्यानंतर बंद पडलेल्या तुकड्यांपैकी काही आता हौशी स्वयंसेवक वाफेच्या इंजिनांवर चालवतात. माझा तिसरा मार्ग असलाच: ससेक्समधली ब्लूबेल रेल्वे, १९६० पासून चालू. व्हिक्टोरियाहून साधी गाडी धरून तासाभरात ईस्ट ग्रिन्स्टेडला उतरायचं. ब्लूबेलचं स्थानक तिथेच लागून आहे. २०१३ पर्यंत मात्र ती इथवर पोचत नव्हती, कारण मधली खोल घळ घरगुती कचऱ्याने भरून टाकलेली होती. हा कचरा उपसून, त्यातला बराचसा रेल्वेनेच वाहून नेऊन, या मंडळींनी पुन्हा रूळ टाकले. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला जा, रुळांलगतच्या रानात निळी फुलं असतात. या गाड्या रोज धावत नाहीत, तेव्हा त्यांचं वेळापत्रक आधी बघा. आणि त्यांचं तिकीट वेगळं, नेहमीचं रेल्वे तिकीट तिथे चालत नाही.

याउलट ग्लासगो ते मालेग हा सुप्रसिद्ध मार्ग एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. एका बाजूलाच पाच तासांहून जास्त लागतात आणि दिवसाला गाड्या मोजक्या. तिथे मुक्कामच करावा.

निघायच्या दिवशी

सगळ्यात आधी शेवटच्या गाडीची वेळ बघा, सकाळच्या गाडीची नंतर. आडमार्गावर ती संध्याकाळी लवकरच सुटते, रविवारी तर सकाळच्या गाड्याही उशिरा सुरू होतात. रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात आणि मग मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस धावते. नॅशनल रेलच्या ॲपवर आदल्या रात्री एकदा बघितलं की कळतं. २५ डिसेंबरला गाड्या नसतातच, २६ लाही नावापुरत्या.

मोठ्या टर्मिनसवर फलाट क्रमांक गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी लागतो, त्यामुळे सगळे बोर्डाकडे मान वर करून उभे असतात. त्यात विशेष काही नाही. वेळेच्या थोडं आधी दारं बंद होतात आणि मग उघडत नाहीत. घोषणा नीट ऐका: काही गाड्या वाटेत दोन तुकडे होऊन दोन दिशांना जातात, वॉटर्लूहून निघालेली एक्सिटरची गाडी सॉल्झबरीला मागचे डबे सोडून पुढे निघते. छोट्या फलाटांवर फक्त पुढचे डबे लागतात. काही खेड्यांच्या स्थानकांवर गाडी विनंतीवरून थांबते, म्हणजे फलाटावरून हात करायचा आणि उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं.

वेटिंग लिस्ट हा प्रकार नाही. ऑफ-पीक तिकीट असलं की चढायचा हक्क आहे, जागा मिळेलच असं नाही. लांबच्या गाड्यांत जागा आरक्षित करता येते आणि सहसा त्याचे पैसे पडत नाहीत. लंडन पार करून जायचं असेल, समजा रेडिंगहून केंब्रिजला, तर तिकिटावरच्या मार्गाच्या रकान्यात क्रॉसची छोटी खूण शोधा. ती असेल तर मधला ट्यूबचा, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचा प्रवास त्यातच आला. आणि लंडनच्या आसपास बँकेचं कार्ड टेकवून प्रवास करता येतो खरा, पण त्यावर रेलकार्डाची सूट मिळत नाही.

गाडी उशिरा पोचली तर भरपाई मागा. 'डिले रिपे' या योजनेत बहुतेक कंपन्या १५ मिनिटांच्या उशिराला त्या फेरीच्या भाड्याचा चौथा हिस्सा देतात, अर्ध्या तासाला निम्मा, तासाभराला पूर्ण. दोन तासांवर गेलं तर परतीसकट सगळं भाडं. पैसे आपोआप येतीलच असं नाही. ज्या कंपनीच्या गाडीमुळे उशीर झाला तिच्या संकेतस्थळावर तिकिटाचा फोटो जोडून २८ दिवसांच्या आत अर्ज करायचा, म्हणून परत आल्या आल्या तिकीट फेकू नका.